ड्रॉपशिपिंग: १०० ऑर्डर आल्या, हातात किती राहिले?



ड्रॉपशिपिंगचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, महिन्याला किती सुटतात?" उत्तर द्यायला मला आवडेल, पण हा प्रश्न "दुकान टाकलं तर किती सुटतात" इतकाच मोकळा आहे. कुठलं दुकान, कुठल्या गल्लीत, भाडं किती, उधारी किती? व्हिडिओत बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून आज इथे सगळा हिशोब लिहून देतोय. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. माझे आकडे खोडून तुमचे टाका, मग हा लेख तुमच्या कामाचा.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. ड्रॉपशिपिंगमध्ये माल तुमच्याकडे नसतो. तुम्ही वेबसाइटवर किंवा इन्स्टाग्रामवर वस्तू दाखवता, ग्राहक तुम्हाला ऑर्डर देतो, तुम्ही ती सप्लायरला कळवता आणि सप्लायर त्याच्या गोडाउनमधून थेट ग्राहकाच्या घरी पार्सल पाठवतो. ग्राहकाने दिलेली किंमत आणि सप्लायरचा भाव यांच्यातला फरक तुमचा. नाव इंग्रजी असलं तरी पद्धत आपल्याला अनोळखी नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मीशोने सुरुवातीच्या काळात हेच केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर साड्या-कुर्त्यांचे फोटो फिरवून विकणाऱ्यांना घाऊक माल जोडून दिला.

स्क्रीनशॉटमध्ये काय दिसत नाही

तुम्ही रील बघता. एक मुलगा मोबाइलची स्क्रीन दाखवतो, त्यावर आजची विक्री ७९,९०० रुपये. मागे गाणं वाजतंय. त्या स्क्रीनवर दिसतो तो फक्त आलेल्या ऑर्डरचा एकूण आकडा. त्यातलं किती पोचलं, किती परत आलं, जाहिरातीला किती गेले, ते त्या स्क्रीनवर नसतंच. ते दुसऱ्या तीन स्क्रीनवर असतं आणि त्या कोणी दाखवत नाही.

आता आपण तीच ७९,९०० ची विक्री उलगडू. समजा, तुम्ही गाडीत लावायची एखादी छोटी वस्तू ७९९ रुपयांना विकताय, कॅश ऑन डिलिव्हरी. वस्तू १८ टक्के जीएसटीच्या स्लॅबमधली धरू. सप्लायर ३०० अधिक जीएसटी म्हणजे ३५४ रुपयांना देतो. कुरिअर ७० रुपये. वहीवर केलेला हिशोब असा होतो: ७९९ मधून ३५४ गेले, ७० गेले, राहिले ३७५. शंभर ऑर्डर म्हणजे ३७,५०० रुपये नफा! इथपर्यंत आला की माणूस नोकरीचा राजीनामा टाइप करायला घेतो.

थांबा. पहिली गोष्ट, ७९९ तुमचे नाहीत. त्यात १२२ रुपये जीएसटीचे आहेत, तुमची विक्री ६७७ ची. सप्लायरला दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणून यापुढचे सगळे आकडे जीएसटी वगळून धरतो. मात्र हे क्रेडिट मिळण्यासाठी सप्लायरने पक्कं बिल द्यायला हवं आणि त्याचं रिटर्नही भरायला हवं. "बिल नको, भाव कमी करून देतो" म्हणणारा सप्लायर तुम्हाला स्वस्त पडत नाही. ग्राहकाकडून घेतलेले १२२ तुम्हाला पूर्णच्या पूर्ण सरकारला द्यावे लागतात, समोर वळती करायला काही नसतं.

दुसरी गोष्ट, ऑर्डर आपोआप येत नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातीतून येते. एका ऑर्डरमागे १५० रुपये जाहिरातीला गेले असं धरू. नवख्याला याहून जास्तच लागतात. आणि हा खर्च ऑर्डर *आली* की झालेला असतो. ती पोचली का, ग्राहकाने घेतली का, याच्याशी जाहिरात कंपनीला देणंघेणं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आरटीओ. गाड्यांचं ऑफिस नव्हे. कुरिअरच्या भाषेत 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे ग्राहकाने न घेतल्यामुळे आल्या पावली परत गेलेलं पार्सल. सीओडीमध्ये ग्राहकाचा एक रुपयाही अडकलेला नसतो. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडून ऑर्डर केलेली असते, चार दिवसांनी बेल वाजते तेव्हा तो उत्साह संपलेला असतो. किंवा ऑर्डर करणारी सून ऑफिसला असते आणि दारात सासूबाई असतात. "आम्ही काही मागवलेलं नाही." पार्सल परत.

आता शंभर ऑर्डर. फोन करून खात्री करताना १० जण कटले. कोणाचा नंबर चुकीचा, कोणी उचलतच नाही. ९० पार्सल निघाली. त्यातली २५ परत आली. ६५ पोचली. त्यातल्या ५ जणांनी वस्तू आवडली नाही, फुटली, वेगळीच आली म्हणून परत केली. खरी विक्री ६०. परत आलेल्या एकूण ३० नगांपैकी ६ नग खराब झालेले, ते सप्लायर घेत नाही. मांडा:

विक्री: ६० × ६७७ = ४०,६२०
जाहिरात: १०० × १५० = १५,०००
माल: ६० × ३०० = १८,०००
जातानाचं कुरिअर: ९० × ७० = ६,३००
परत येतानाचं कुरिअर: २५ × ६० = १,५००
सीओडी शुल्क: ६५ × ३० = १,९५०
ग्राहकाच्या घरून परत उचलणं: ५ × ८० = ४००
खराब झालेला माल: ६ × ३०० = १,८००

एकूण खर्च ४४,९५०. म्हणजे ४,३३० रुपये तोटा. विक्रीचा स्क्रीनशॉट मात्र ७९,९०० चाच आहे, आणि तो खोटाही नाही.

हे आकडे माझे, समजुतीसाठी धरलेले. तुमच्या वस्तूचे वेगळे येतील. पण रकाने हेच राहतील, आणि बहुतेक नवीन लोकांच्या वहीत यातले चार रकाने नसतात.

मग सुधारणा केली तर? करून बघू. फोनवर खात्री कडक केली, शंका आली की पार्सल काढलंच नाही. १०० पैकी १५ गाळल्या, ८५ पाठवल्या. आरटीओ २५ वरून १२ वर आणला, हे सोपं नाही बरं का. ७३ पोचल्या, ३ परत आल्या, विक्री ७०. खराब नग ३. विक्री झाली ४७,३९०. जाहिरात १५,०००, माल २१,०००, कुरिअर ५,९५० आणि परतीचं ७२०, सीओडी २,१९०, पिकअप २४०, खराब माल ९००. खर्च बरोबर ४६,०००. शिल्लक १,३९० रुपये.

शंभर ऑर्डरवर चौदाशे रुपये. यात अजून वेबसाइटचं महिन्याचं भाडं नाही, सीएची फी नाही, तुमचा फोन-इंटरनेट नाही, आणि तुमची मजुरी तर नाहीच.

याच हिशोबातून एक कामाचा आकडा निघतो. ऑर्डरमागे जाहिरातीचा खर्च १६४ च्या वर गेला की या वस्तूत तोटा. आरटीओ पहिल्यासारखा जास्त असेल तर ती रेघ १०७ वर येते. जाहिरात चालू करण्याआधी तुमच्या वस्तूची ही रेघ काढा आणि मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. जाहिरात रोज सकाळी बघताना मन म्हणतं "अजून दोन दिवस बघू". भिंतीवरचा आकडा तसं म्हणत नाही.

आणि २९९ रुपयांच्या वस्तूंबद्दल विचारूच नका. जीएसटी काढून हातात येतात २५३. सत्तर विक्रीचे १७,७१०. त्यातले १५,००० जाहिरातीलाच गेले. उरलेल्या २,७१० मध्ये माल, कुरिअर आणि परतावा बसवून दाखवा.

'शून्य भांडवल' हा शब्द

माल विकत घ्यायचा नाही म्हणून भांडवल लागत नाही, असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. मालात पैसा अडकत नाही, तो फिरतीत अडकतो.

जाहिरातीचे पैसे रोजच्या रोज कार्डातून जातात, वर १८ टक्के जीएसटी. सप्लायर बहुतेक ठिकाणी माल काढण्याआधी पैसे मागतो. कुरिअरच्या वॉलेटमध्ये आधी रक्कम भरावी लागते. आणि ग्राहकाने दिलेली रोकड? ती कुरिअर कंपनीकडे जमा होते आणि ठरलेल्या दिवसांनी तुमच्या खात्यात येते. पार्सल पोचायला पाच दिवस, पैसे यायला अजून सात, असे बारा दिवस धरा.

रोज १० ऑर्डर असतील तर वरच्याच भावाने रोज जाहिरातीचे १,७७०, मालाचे साधारण ३,०००, कुरिअरचे ७००, म्हणजे जवळपास साडेपाच हजार बाहेर जातात. बारा दिवसांचे झाले ६५ हजार. एवढी रक्कम कायम हवेत असते. गंमत अशी की धंदा वाढला तर हा आकडाही वाढतो. दिवसाला २० ऑर्डर झाल्या की सव्वा लाखाच्या पुढे. "ऑर्डर येतायत पण खात्यात पैसे नाहीत" ही तक्रार मी धंदा *चालणाऱ्या* लोकांकडून जास्त ऐकतो.

काही प्लॅटफॉर्म मालाचे पैसे आधी घेत नाहीत, सीओडीच्या रकमेतून आपला भाव कापून तुम्हाला मार्जिन देतात. तिथे अडकणारी रक्कम कमी होते, पण परतीचा खर्च ते मार्जिनमधून कापतात. महिन्याचं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा.

ही फिरती क्रेडिट कार्डावर चालवायचा मोह होतो. बिल पूर्ण भरता आलं नाही तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. वरच्या चांगल्या हिशोबात आपलं मार्जिन ४७ हजारांवर चौदाशे, म्हणजे तीन टक्केही नाही. आईच्या बांगड्या ठेवून काढलेल्या कर्जाबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. हा एकच आकडा परत वाचा.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून इथे धंदा करू नका

ड्रॉपशिपिंगचे जे इंग्रजी व्हिडिओ तुम्ही बघता, त्यातली बरीचशी पद्धत एका विशिष्ट परिस्थितीत जन्मली. चीनचा माल अलीएक्स्प्रेसवरून उचलायचा, अमेरिकेतल्या ग्राहकाला विकायचा. ग्राहक कार्डाने आधीच पैसे भरतो, त्यामुळे दारातून परत येणाऱ्या पार्सलचं आपल्याएवढं दुखणं नसतं.

आपल्याकडे २४ नोव्हेंबर २०२० ला केंद्र सरकारने ज्या ४३ अ‍ॅपवर बंदी घातली त्यात अलीएक्स्प्रेस होतं. आणि तिकडचं गणितही आता बदललंय. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्क लागत नसे. चीनमधून येणाऱ्या पार्सलसाठी ही सवलत २ मे २०२५ पासून बंद झाली, २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांसाठी. तेव्हा पुण्यात बसून चीनचा माल अमेरिकेत विकायचं स्वप्न २०१९ च्या व्हिडिओवरून बघत असाल तर व्हिडिओची तारीख आधी बघा.

अजून एक पद्धत शिकवली जाते. अ‍ॅमेझॉनवर लिस्टिंग करायचं आणि ऑर्डर आली की दुसऱ्या साइटवरून तीच वस्तू ग्राहकाच्या पत्त्यावर मागवायची. अ‍ॅमेझॉनच्या नियमात हे बसत नाही. पार्सलवर आणि बिलावर विक्रेता म्हणून तुमचंच नाव असायला लागतं, दुसऱ्या दुकानाचं चालत नाही. खातं बंद झालं तर त्यातले पैसेही अडकतात.

वस्तू निवडताना

"विनिंग प्रॉडक्ट कुठलं?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. ज्या वस्तूची यादी हजारो लोकांनी एकाच व्हिडिओतून लिहून घेतली, ती जिंकणारी कशी असेल? ग्राहक हुशार झालाय. तुमच्या जाहिरातीतला फोटो गुगल लेन्समध्ये टाकतो आणि तीच वस्तू, तोच फोटो, मीशोवर निम्म्या किमतीत बघतो. मग तुमच्याकडे घ्यायला काहीतरी कारण हवं. मराठीत नीट समजावलेला वापर, साइझची खरी माहिती, फोन उचलणारा माणूस, दोन वस्तूंचा जमवलेला सेट. नुसता फोटो आणि "५० टक्के सूट, फक्त आज" हे कारण नव्हे.

कुरिअरचं वजन नवीन माणसाला फार फसवतं. कंपनी खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते लावते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. ३० × २५ × २० चा खोका म्हणजे १५,०००, भागिले ५,०००, म्हणजे ३ किलो. आत वस्तू ६०० ग्रॅमची का असेना, तुम्ही ३ किलोचे पैसे भरता. सोलापूरची चादर विकायचा विचार चांगला आहे, वस्तूला नाव आहे, पण तिचं वजन काट्यावर ठेवून मग किंमत ठरवा.

काही वस्तूंपासून सरळ लांब राहा. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यामुळे घाऊक बाजारातलं बिनमार्क खेळणं तुम्हाला विकता येत नाही. पॉवर बँकला बीआयएसची नोंदणी लागते. खाण्याच्या वस्तू आल्या की एफएसएसएआय आलं. आणि 'फर्स्ट कॉपी' घड्याळं-बूट? ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. "सगळेच विकतात" हे उत्तर पोलिस स्टेशनात चालत नाही.

कागदपत्रं, पटकन

ग्राहकाच्या आणि कायद्याच्या नजरेत विक्रेता तुम्ही आहात, सप्लायर नाही. बिल तुमच्या नावाने जातं.

जीएसटीची ४० लाखांची मर्यादा ऐकून लोक निवांत होतात. ती मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांसाठी. तुमच्या वेबसाइटवरून इंदूरला किंवा बेळगावला एक पार्सल गेलं की आंतरराज्य विक्री झाली, आणि त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सूट आहे. मार्केटप्लेसवरून फक्त आपल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर नोंदणीशिवाय विकता येतं. नोंदणीला सरकारी फी नाही, पण मग रिटर्न वेळेवर भरावं लागतं, विक्री शून्य असली तरी. उशिराच्या शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये लागतात. उद्यम नोंदणी मोफत आहे. महाराष्ट्रात ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली ऑनलाइन सूचना देऊन काम भागतं.

वेबसाइटवर तुमचं खरं नाव, पत्ता, फोन, परताव्याचे नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव लागतं. एकट्याचा धंदा असेल तर तो अधिकारी तुम्हीच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. ग्राहकाला १९१५ हा हेल्पलाइन नंबर आता माहीत असतो. वस्तू कुठल्या देशात बनली, एमआरपी काय, उत्पादक किंवा आयातदार कोण, हे पानावर लिहा. सप्लायर ही माहिती द्यायला टाळाटाळ करत असेल तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं, दुसरा सप्लायर शोधा.

सप्लायर आणि रोजचं काम

सप्लायर तपासायची माझी पद्धत साधी आहे. आधी त्याच्याकडून तीन पार्सल मागवा: एक स्वतःच्या घरी, एक तालुक्याच्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे, एक परराज्यातल्या मित्राकडे. एक मुद्दाम न स्वीकारता परत पाठवा. किती दिवसांत पोचलं, पॅकिंग कसं होतं, रंग फोटोतलाच का, परत गेलेल्या मालाचे पैसे त्याने कधी आणि कसे वळते केले, हे सगळं हजार-पंधराशे रुपयांत कळतं. शक्य असेल तर गोडाउनला जाऊन या. भिवंडी, उल्हासनगर, इचलकरंजी आपल्याला एसटीच्या अंतरावर आहे. दिल्ली-सुरतच्या फोनवरच्या "हो जाएगा भाईसाब" पेक्षा समोर बसून प्यायलेला चहा बरा. स्टॉक संपल्यावर तो तुम्हाला कधी सांगतो, हेही विचारा. जाहिरात चालू, ऑर्डर येतायत आणि माल चार दिवसांपूर्वीच संपलाय, असं होतं. ग्राहक शिव्या तुम्हाला देतो.

'घरबसल्या दिवसातून एक तास' हे ऐकलं असेल. रोज दहा ऑर्डर असलेल्या माणसाचा दिवस सांगतो. सकाळी जाहिरातीचे आकडे, मग कालच्या ऑर्डरना फोन. लोक दुपारी उचलत नाहीत, म्हणून परत संध्याकाळी सात ते नऊ. त्याचबरोबर कुरिअरची यादी, "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारलेली पार्सलं. त्यातल्या किती ठिकाणी डिलिव्हरी बॉय खरंच गेला होता, हे ग्राहकाला विचारावं लागतं आणि लगेच दुसऱ्या फेरीची विनंती टाकावी लागते. ती त्याच दिवशी टाकली नाही तर पार्सल परतीला लागतं. वर व्हॉट्सअ‍ॅपवर "भाऊ, माझं पार्सल कुठंय?" रोजचे तीन-चार तास जातात, आणि त्यातलं निम्मं काम गोड बोलायचं असतं. आरटीओ २५ वरून १२ वर येतो तो याच फोनमुळे. ज्याला फोनवर बोलायचा कंटाळा आहे त्याने हा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑनलाइन पैसे भरणाऱ्याला ३०-४० रुपये सूट द्या. सीओडी शुल्क वाचतं आणि ज्याने पैसे भरलेत तो बेल वाजली की दार उघडतो.

मग करायचं की नाही?

करा, पण कशासाठी करताय ते ठरवून करा. माझ्या मते ड्रॉपशिपिंगचा खरा उपयोग वस्तू तपासण्यासाठी आहे. पाचशे नग विकत घेऊन घर भरायच्या आधी, लोक ही वस्तू या किमतीला घेतात का, हे थोड्या पैशात कळतं. त्यासाठी ५० ते ६० हजार रुपये बाजूला काढा, जे गेले तर घरचा किराणा, मुलांची फी, कर्जाचा हप्ता यातलं काहीही अडणार नाही. तीन ते चार वस्तू, प्रत्येकीला जाहिरातीचे साधारण पाच हजार. पाच हजार संपले आणि ऑर्डरमागचा खर्च तुमच्या रेघेच्या वर असेल तर ती वस्तू बंद. तिच्यावर प्रेम करू नका. पहिल्या तीन महिन्यांत घरखर्चाला एक रुपयाही मिळेल असं धरू नका. दिवाळीच्या तोंडावर सुरुवात करू नका. मागणी असते, पण जाहिरात महागते, कुरिअर तुंबतं आणि शिकायला वेळच मिळत नाही.

एखादी वस्तू लागली, म्हणजे महिनाभर सातत्याने रेघेच्या खाली राहिली, आरटीओ आटोक्यात आला, काही ग्राहक जाहिरातीशिवाय दुसऱ्यांदा आले, तर पुढची पायरी माल स्वतः घेण्याची. तीच वस्तू शंभर-दोनशे नगांत थेट उत्पादकाकडून पॅकिंगसकट २३० ला पडली तर वरच्या दुसऱ्या हिशोबातले १,३९० रुपये ६,५०० होतात. ऑर्डरमागे ६५ रुपये. महिन्याला ३०० ऑर्डर म्हणजे १९,५००, त्यातून वेबसाइट, सीए, फोन वजा करा. आता वस्तूची पेटी तुम्ही बंद करता, फुटकी वस्तू जातच नाही, आत मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी टाकता येते. याला ड्रॉपशिपिंग म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. ज्यांचं टिकलं त्यातल्या बऱ्याच जणांचं गाडं इथेच येऊन थांबलेलं मी बघतो.

नोकरी कधी सोडायची, हा प्रश्न राहिला. वरचे १९,५०० तुमच्या आजच्या पगारापुढे ठेवून बघा, सोबत पीएफ आणि मेडिकल धरा. सलग सहा महिने सगळे खर्च जाऊन खात्यात आलेली रक्कम, स्क्रीनवरची नव्हे, घरखर्चाच्या दीडपट असेल आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा बाजूला असेल, तर घरच्यांशी बोला. तोपर्यंत संध्याकाळचे तीन तास पुरतात. ग्राहक तसाही सातनंतरच फोन उचलतो.

पुढच्या व्हिडिओत ऑर्डर कन्फर्मेशनचा फोन कसा करायचा ते प्रत्यक्ष बोलून दाखवणार आहे. तोपर्यंत तुमच्या मनातली एक वस्तू घ्या, वरचे आठ रकाने भरा आणि तिची रेघ किती रुपयांवर येते ते कमेंटमध्ये लिहा. वस्तूचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल.